काचेपलीकडचं कोपर

४ मार्च

प्रिय मावशी,

नमस्कार. सात वर्षं एकही ओळ न लिहिणाऱ्या भाच्याचं अक्षर तुला ओळखू येणार नाही, म्हणून आधीच सांगतो: मी घुम्या.

बातमी अशी की मी नोकरी सोडली. चौदा वर्षं गिरणीच्या मुख्य कचेरीत बसून कापड विकलं, शेवटची पाच वर्षं विक्रीप्रमुख म्हणून. मागच्या शुक्रवारी राजीनामा दिला. बायको दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "चला, निदान आता जेवायला तरी घरी असशील."

मला चित्रपट करायचे आहेत. नाचगाण्याचे नाहीत, नट-नट्यांचे नाहीत. खऱ्या माणसांचे, माणसांच्या कामी येणारे. वर्षभर दर रविवारी एका फोटोग्राफरकडे शिकत होतो, हे ऑफिसात कोणाला माहीत नव्हतं. जुना पण चांगला कॅमेरा घेतला आहे. पहिला चित्रपट तुमच्या मागांच्या शेडवर करायचा आहे. दोनशे मागांचा तो आवाज आणि त्यात रोज आठ तास उभ्या राहणाऱ्या बायकांचे कान, हा विषय. तू बावीस वर्षं तिथे आहेस. तुझ्याशिवाय हे होणार नाही.

तुझ्या शेजारणीकडे फोन केला होता. तिने तुला हाक मारली, आणि परत येऊन सांगितलं, "त्या म्हणतात, बोलायचं असेल तर लिहा." इतका राग आहे का?

तुझा,
घुम्या


१३ मार्च

चि. घुम्या,

आशीर्वाद तूर्त राखून ठेवले आहेत. तुझं पत्र आहे की गिरणीचं माहितीपत्रक, हे आधी कळू दे.

पहिली गोष्ट कागदाची. वरची छापील पट्टी तू कात्रीने नीट कापलीस. पण कागद उजेडात धरला की आत गिरणीची खूण दिसते. नोकरी सोडलेला माणूस मालकाच्या कागदावर कशाला लिहितो?

दुसरी गोष्ट. बावीस वर्षांत मुख्य कचेरीने आम्हाला दोनच प्रश्न विचारले: किती मीटर झालं आणि कमी का झालं. आता कचेरीतलाच एक साहेब राजीनामा देतो आणि आठवड्याच्या आत आमच्या कानांची विचारपूस करतो. मी अडाणी असेन, पण कुठेतरी पाणी मुरतंय एवढं मला कळतं.

तिसरी गोष्ट तुला आठवत नसेल. तीन वर्षांपूर्वी तू परदेशी गिऱ्हाइकांना घेऊन शेड दाखवायला आला होतास. मी चौथ्या रांगेत होते. मी हात वर केला. तू मला पाहिलंस, घुम्या. डोळ्याला डोळा भिडला. आणि तू लगेच पाहुण्यांना छताकडे बोट दाखवून पंख्यांची माहिती द्यायला लागलास. आमच्या छताला पंखे नाहीत, उजेडासाठी काचा आहेत.

तुझी आई गेली तेव्हा दोन वर्षं माझ्याजवळ राहिलास. तोंडातून शब्द फुटत नव्हता, म्हणून मीच तुला घुम्या म्हणायला लागले. पुढे बोलण्याच्याच जोरावर मोठा झालास. मला त्या बोलण्याचीच भीती वाटते.

आणि 'माणसांच्या कामी येणारं' म्हणशील तर आमच्या गल्लीचा नळ आठ दिवस गळतोय. कॅमेऱ्याने थांबतो का बघ.

खरं काय ते लिही. फोन नको.

मावशी


१९ मार्च

प्रिय मावशी,

कागद टेबलाच्या खणात उरले होते, घरी घेऊन आलो. चौदा वर्षांची सवय, दुसरं काही नाही. हे पत्र दुकानातून आणलेल्या वहीच्या पानावर आहे. उजेडात धरून बघ.

पंख्यांचं आठवतं. रोज आठवतं. त्या दिवशी पाहुण्यांच्या कानात घालायला मऊ बोळे वाटले होते. माझ्याही कानात होते. तुम्हा दोनशे जणींच्या कानात काहीच नव्हतं. पाहुण्यांपैकी एकाने खुणेने मला विचारलं, 'यांना का नाही?' मी हसून म्हणालो, 'त्यांना सवय आहे.' तेवढ्यात तू हात वर केलास. मला तुझी लाज वाटली, मावशी. ओळख दिली असती तर त्या माणसाने विचारलं असतं, ही कोण, आणि मला सांगावं लागलं असतं की हिने मला वाढवलं आणि हिच्या कानातही बोळे नाहीत. नोकरी मी मागच्या महिन्यात सोडली खरी, पण सुटली ती त्या दिवशीच.

आता कामाचं. मॅनेजरांनी चित्रणाची परवानगी दिली आहे, तीन आठवड्यांची. मी कोणालाही काही विचारणार नाही. कोणाचं बोलणं टिपणार नाही. आवाज घेईन तो फक्त मागांचा, बाकी सगळं मुकं. कोणाचं नाव येणार नाही, कोणी अडचणीत येणार नाही. हा शब्द देतो.

तुझा,
घुम्या


३० मार्च

चि. घुम्या,

वहीचं पान उजेडात धरून पाहिलं. ठीक आहे.

पत्र मधल्या सुट्टीत बायकांना वाचून दाखवलं. पंख्यांचं सोडून. ते तुझं-माझं आहे. लांबडी, म्हणजे माझ्या शेजारच्या मागावरची, म्हणाली, "भाचा आहे तुमचा, तुम्ही बोलता का आम्ही बोलू?" मी म्हटलं, "भाचा आहे म्हणूनच तुम्ही बोला." शेवटी ठरलं की येऊ दे. नुसता बघणार असेल तर बघू दे. आम्हाला कोण बघतं नाहीतरी.

पण एक मला छळतंय. परवानगी एवढी पटकन मिळाली कशी? आमच्या शेडमध्ये लांबडीच्या नवऱ्याला तिचा डबा द्यायला येऊ देत नाहीत, फाटकावर ठेवून घेतात. तुला मात्र तीन आठवडे, कॅमेऱ्यासकट. तू काय दिलंस बदल्यात?

दुसरं. आमच्या मुकादमापासून जपून राहा. तो पंधरा वर्षं आमच्याच रांगेत माग चालवत होता. आता पांढरा सदरा घालून फिरतो. वाईट माणूस नाही, पण त्याला वरून विचारलं की तो उत्तर देतो. एवढंच.

येशील तेव्हा मालकांच्या पाहुणेघरात उतरू नकोस. माझ्याकडेही नको, लोक बोलतील. स्टेशनाजवळ स्वस्त खोल्या मिळतात.

मावशी


२२ एप्रिल

प्रिय मावशी,

तुझ्यापासून दहा मिनिटांवर राहून तुला पत्र लिहितो आहे, हे कोणाला सांगितलं तर हसेल. पण समोर भेटलो की तू माझ्या तोंडाकडे एकटक बघत बसतेस, एकेक शब्द तपासून घेतल्यासारखी, आणि माझी बोबडी वळते. म्हणून लिहितो.

दोन आठवडे झाले. चित्रण माझ्या अपेक्षेपेक्षा सुंदर येतंय. तेलाच्या कोठीच्या पायरीवरून अख्खी शेड दिसते. आडवा धागा नेणारे धोटे इकडून तिकडे पळतात, तुटलेला धागा कोणीतरी बघता बघता जोडतं, आणि तुम्ही सगळ्या एकमेकींकडे वळून ओठ हलवता, हसता, डोळे मोठे करता. आवाज काहीच नाही. मला एक अक्षर कळत नाही, पण बघत राहावंसं वाटतं.

परवानगीचं विचारलं होतंस. काही नाही, नेहमीच्या कागदावर सही केली, यंत्रांची गुपितं बाहेर जाऊ नयेत वगैरे.

आता एक विचारतो, रागावू नकोस. दरवर्षी मे महिन्यात तुमच्या कानांची तपासणी होते, आणि दरवर्षी सगळ्या पास होतात. 'आमच्या एकाही कामगाराच्या श्रवणशक्तीवर परिणाम झालेला नाही', हे वाक्य मीच परदेशी गिऱ्हाइकांच्या कागदांत नऊ वर्षं छापत आलो. त्या आवाजात चार तास उभा राहिलो तर रात्रभर माझे कान वाजतात. मग दोनशेच्या दोनशे पास कशा होतात?

तुझा,
घुम्या


२७ एप्रिल

घुम्या,

तू म्हणाला होतास की काही विचारणार नाहीस. म्हणजे विचारायचं नाही.

हा प्रश्न तुझा आहे की तुला कोणी दिला, ते तूच जाण. चित्रण आटप आणि जा.

मावशी


२४ मे

घुम्या,

तुझं समाधान झालं असेल, म्हणून लिहिते. आता लपवायला काही उरलं नाही, तर सगळंच ऐक.

तपासणी एका छोट्या काचेच्या खोलीत होते. बाई आत बसते, कानांवर यंत्र लावते, हातात बटण धरते. तपासनीस काचेपलीकडे बसून बारीक बारीक आवाज सोडतो. आवाज ऐकू आला की बटण दाबायचं. जिला ऐकू येत नाही ती मागावर चालत नाही, आणि आमच्याकडे मागाशिवाय दुसरं काम नाही. म्हणजे घरी.

पण तपासनीस आवाज सोडतो तेव्हा त्याचं कोपर जरासं वर जातं. अगदी बोटभर. आम्हाला बारीक हालचाल टिपायची सवय आहे, दिवसभर तेच करतो. कोपर वर गेलं की बटण दाबायचं. नव्या बाईला जुनी बाई शिकवते. अशा आम्ही नऊ वर्षं पास होतोय, आणि तू नऊ वर्षं ते छापतोयस.

मागच्या सोमवारी लांबडीला ऑफिसात बोलावलं. तिथे मुकादमाने तिचंच वाक्य तिला ऐकवलं: "उजवं कोपर बघ, चेहरा बघू नकोस, चेहरा फसवतो." शब्द न शब्द. हे ती एकदाच बोलली होती, नव्या मुलीला, शेडच्या मधोमध, सगळे माग चालू असताना. त्या आवाजात देवाला ऐकू जाणार नाही. पण शेडमध्ये आम्ही कानाने बोलतच नाही, घुम्या. पहिल्या महिन्यात ओठ वाचायला शिकतो, नाहीतर काम करता येत नाही. ती बोलली तेव्हा तिचं तोंड तेलाच्या कोठीकडे होतं. तिथे तू उभा होतास.

तुला ओठ कळत नाहीत हे आम्ही पहिल्याच दिवशी ताडलं. तुझ्या नाकाबद्दल काय काय बोललो, तू हसून मान हलवत होतास. म्हणून तर बिनधास्त बोलत होतो. तुझ्या कॅसेटी दुसरं कोणी बघेल, आणि जो बघेल तो पंधरा वर्षं आमच्या रांगेत उभा राहिलेला असेल, हे तू कुठे सांगितलं होतंस?

बुधवारी त्या काचेला हिरवा पडदा लागला. पहिल्या दिवशी सहा जणी गेल्या, सहाही नापास. काल सात. लांबडी त्यांत आहे. माझी पाळी सोमवारी. पेन्शनला माझे चौदा महिने राहिलेत.

फोन का घेत नाही, विचारत होतास. राग म्हणून नाही. उजवा कान जाऊन अकरा वर्षं झाली, डावा जाऊन सहा. समोर माणूस असला की माझं सगळं चालतं, शेजारणीलाही मागच्या वर्षी कळलं. तुझ्या तोंडाकडे बघत होते ती तुला तपासत नव्हते, तुला ऐकत होते. फोनला ओठ नसतात.

किती मिळाले, ते विचारत नाही. फक्त आधीपासून ठरलं होतं का, तेवढं सांग. त्या पंख्यांच्या गोष्टीवर मी रडले होते. ते तरी खरं होतं का?

मावशी


२८ मे

मावशी,

तुझं पत्र वाचून उभाच राहिलो. लगेच लिहितो, कारण फोन करता येत नाही हे आता कळलं.

मी विकलं नाही. पण तुझा संशय निम्मा खरा आहे, आणि ते निम्मं मी तुझ्यापासून लपवलं. परवानगीच्या कागदात एक अट होती: दर शनिवारी आठवड्याचं चित्रण मॅनेजरांना दाखवायचं. यंत्रांची गुपितं, असं कारण दिलं होतं. मी सही केली. तुला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, आणि मला चित्रपट हवा होता. मला वाटलं, मुकं चित्रण आहे, त्यातून कोणाला काय कळणार.

पहिले दोन शनिवार मॅनेजर खुर्चीत पेंगले. तिसऱ्या शनिवारी त्यांनी मुकादमाला शेजारी बसवलं, माग कुठला ते सांगायला. लांबडीचा तो भाग आला तेव्हा मुकादम पुढे सरकला. म्हणाला, "जरा मागे घ्या." मी घेतलं. म्हणाला, "परत एकदा." मला वाटलं, त्याला चित्रण आवडलं. ऊर भरून आला माझा, मावशी. आयुष्यात पहिल्यांदा माझं काम कोणीतरी इतकं मन लावून बघत होतं. तिसऱ्या वेळी त्याने सांगितलंही नव्हतं. मीच कॅसेट मागे नेली आणि म्हणालो, "अजून एकदा बघा ना."

निघताना त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेला मी कौतुक समजलो.

चौदा वर्षं गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरून त्याच्या मनातलं ओळखण्याचा पगार घेतला. आणि दोनशे बायका माझ्यासमोर तीन आठवडे बोलत होत्या, त्यांना मी मुक्या समजलो. मला स्वतःची किळस येते.

मी मॅनेजरांना भेटलो. ते म्हणाले, "तुम्ही गिरणीवर मोठे उपकार केलेत." पेढे वाटायला बसल्यासारखे हसत होते. मी कॅसेटी जाळून टाकतो. चित्रपट होणार नाही. जुनी नोकरी परत मागतो, आणि तेरा जणींना कामावर घ्या ही माझी अट घालतो. तू म्हणशील ते करतो.

पंख्यांची गोष्ट खरी होती.

घुम्या


९ जून

चि. घुम्या,

तुझं पत्र तीन वेळा वाचलं. कॅसेट तिसऱ्यांदा मागे नेल्याचं जे लिहिलंस, तेवढं मला पटलं. खोटं बोलणारा माणूस स्वतःला इतका मूर्ख दाखवत नाही. बाकीच्या पत्राबद्दल माझं मत अजून व्हायचं आहे.

जाळण्याची नाटकं करू नकोस. आणि कचेरीत परत जाऊन अटी कसल्या घालतोस? तू तिथे होतास तेव्हाही तुझं कोणी ऐकत नव्हतं.

सोमवारचं सांगते. आदल्या दिवशी लांबडी आणि बाकीच्या माझ्याकडे जमल्या होत्या. पडद्याखालून तपासनिसाचे बूट दिसतात, त्यावरून काही कळेल का, यावर तासभर खल झाला. एकीचं म्हणणं, तो आवाज सोडताना टाच उचलतो. बाकीच्यांनी तिच्याकडून चार वेळा करून घेतलं. मी बघत होते. माझ्याहून वीस वर्षांनी लहान बाई, जमिनीवर बसून एका परक्या माणसाच्या टाचेचा अभ्यास करत होती. आम्ही नऊ वर्षं हुशारी केली असं समजत होतो. ती हुशारी तू छापलीस आणि मालकाने विकली. दरवर्षी मीच बटण दाबून सांगत आले की मला ऐकू येतं, तुमच्या मागांनी मला काही झालेलं नाही.

सोमवारी आत गेले. कानांवर यंत्र लावलं. पडद्याखाली बूट दिसत होते. टाच खरंच हलत होती, घुम्या. मी पास झाले असते. चौदा महिने हा हा म्हणता गेले असते.

मी बटण टेबलावर ठेवलं आणि बाहेर आले. तपासनिसाला म्हटलं, "लिहा, दोन्ही कानांनी ऐकू येत नाही." त्याने लिहिलं. म्हटलं, "पुढे लिहा, बावीस वर्षं माग चालवून." तो म्हणाला, अशी जागा फॉर्मवर नाही. मी म्हटलं, समास आहे. तो काहीतरी बोलत राहिला. मी मुद्दाम त्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही, त्यामुळे तो काय म्हणाला ते मला माहीत नाही. शेवटी त्याने समासात लिहिलं. मी वाचलं आणि सही केली. माझ्यामागून त्या दिवशी अकरा जणी गेल्या. अकराही जणींनी बटण टेबलावर ठेवलं आणि समासात लिहून घेतलं. आधीच्या तेराजणी दुसऱ्या दिवशी येऊन आपापले फॉर्म मागायला लागल्या.

सध्या आम्ही सगळ्या घरी आहोत. गिरणीचा माणूस कागद घेऊन फिरतो, 'स्वखुशीने काम सोडते' असा. कोणी सही केलेली नाही. पेन्शन मिळेल की नाही, मला ठाऊक नाही. भीती वाटते. कोणासमोर म्हणत नाही, तुला म्हणते.

आता तुझं काम. कॅसेटी घेऊन ये, सगळ्या. त्या माझ्या पेटीत राहतील, किल्ली माझ्याकडे. कोणाला दाखवायच्या, हे आम्ही पंचवीस जणी ठरवू. कशावरही सही करायची वेळ आली तर तो कागद आधी मला दाखवायचा. मुकादम काल दारात येऊन उभा होता. शेडमध्ये हलवायचो तसे ओठ हलवले, "चुकलं." त्याला बसायला सांगितलं नाही. पण जुन्या कॅसेटींत कोण काय बोललं ते आम्ही तुला सांगू, आणि जे आम्हाला आठवत नसेल ते त्याला विचारू.

आणि कॅमेरा आण. या वेळी आवाजासकट. मी बोलणार आहे, नावानिशी, तोंड समोर करून. लांबडीही बोलणार आहे. तू मधे मधे विचारू नकोस, तुला विचारता येत नाही.

एक ध्यानात ठेव. माझा आवाज आता कसा येतो, मला कळत नाही. सहा वर्षांत मी तो ऐकलेला नाही. शेजारीण म्हणते मी ओरडते, लांबडी म्हणते पुटपुटते. कसाही आला तरी तो सुधारू नकोस, त्यावर दुसऱ्या कोणाचा गोड आवाज चढवू नकोस. ज्यांना ऐकू येतं त्यांनी तो तसाच ऐकावा.

रविवारी सकाळी दहाला ये. दार वाजवू नकोस, मी खिडकीत बसलेली असेन.

मावशी